टोपलीखालचं पीठ

विमलसोबत मी शेवटचं जे काम केलं ते काड पिळायचं. गव्हाचं काड, कुट्टी केलेलं, रात्रभर ड्रममध्ये भिजवलेलं, सकाळी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर उकळलेलं आणि मग ओट्यावर ताडपत्रीवर पसरून वारा दिलेलं. त्यातलं मूठभर उचलायचं आणि जीव खाऊन दाबायचं. हात ओला झाला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. थेंब पडला की काड अजून ओलं, आणि ओल्या काडात हिरवी बुरशी आलीच म्हणून समजा. हे काम माझं होतं. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या, त्यामुळे माझी मूठ तिच्या मुठीपेक्षा जड. तेवढ्यापुरताच तिला माझा उपयोग, असं ती चारचौघांत सांगायची आणि मी ऐकून घ्यायचो. त्या दिवशी मी मूठ दाबली, हात झटकला आणि म्हणालो, झालं. ती माझ्या हाताकडेच बघत होती. "पानी गळी ऱ्हायनं अजून. पसरा परत." मी म्हणालो, "एकच थेंब पडना. त्यानं काय व्हस?" तर म्हणे, "एक थेंब पुरस तिले." तिले म्हणजे हिरवीला. आमच्या घरात बुरशीला नाव नव्हतं, ती नुसती हिरवी होती, जशी एखाद्या घरात नको असलेली जाऊबाई असते. मग मी परत काड पसरलं, बिडी नाही म्हणून नुसताच बसलो, आणि ऊन कलल्यावर परत मूठ दाबली. थेंब पडला नाही. मग तिनं पिशव्या भरल्या, मी तोंडं धरली. काडाचा थर, वर अळंबीचं बी, परत काडाचा थर, परत बी. पिशवी गच्च दाबायची, सुतळीनं बांधायची, सुईनं भोकं पाडायची आणि मागच्या खोलीत दोरीला टांगायची. सगळ्या टांगून झाल्या तशी ती भिंतीला पाठ लावून खालीच बसली आणि म्हणाली, "माले जरासं पानी द्या." मी माठाकडे गेलो. जाताना पुटपुटत गेलो, की उठून घ्यायला काय होतं. परत आलो तर ती तशीच बसलेली, नजर वर, पिशव्यांकडे... मी तांब्या धरून उभा राहिलो. मला वाटलं मोजतेय.

तिच्या जाण्याला आता काही आठवडे झाले. इथल्या पेपरात चार ओळी आल्या, फोटोसकट. त्यात तिला यशस्वी महिला उद्योजक म्हटलं आहे आणि मशरूम शेतीतून तिनं परिसराचा कायापालट केला असं लिहिलं आहे. परिसर मी रोज बघतो, त्याचा काही पालट झालेला नाही. गटार जिथं होतं तिथंच आहे. आणि यशस्वी म्हणाल तर तिच्या सुरुवातीच्या सगळ्या पिशव्या उकिरड्यात गेल्या, हे लिहिणाऱ्यानं विचारलं नाही. त्यानं मला फोन करून एवढंच विचारलं, की वहिनी हसतमुख होत्या ना? मी म्हणालो नाही. त्यानं तरी हसतमुख छापलं. विमल हसतमुख नव्हती. ती तोंडाळ होती, संशयी होती, आणि पाय न धुता घरात आलेल्या माणसाकडे अशी बघायची की तो परत उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहायचा. म्हणून मी हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं, पण खोटं तरी नाही.

मागची खोली आम्ही दिलीपच्या लग्नासाठी बांधली. दिलीप आमचा एकुलता एक. गुलाबी रंग दिला, खाली कोबा केला, पंखा लावला. लग्नानंतर तो आणि सूनबाई त्या खोलीत राहिले म्हणायला राहिले, आणि सुरतला गेले. आमच्याकडची अर्धी पोरं सुरतला जातात, त्यात त्याचं काही वेगळं नाही. दिवाळीला येतो म्हणायचे, मग दिवाळीला सीझन असतो म्हणायचे. खोली बंद राहिली. विमल रोज झाडायची. मग एकदा तालुक्याला, शिंदखेड्याला, बचतगटाच्या बायांसाठी शिबिर झालं आणि तिथून ती धिंगरीचं खूळ डोक्यात घेऊन आली. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी दिसणारी अळंबी. मला म्हणाली, खोली अंधारी आहे, गार आहे, उगीच पडून आहे. मी म्हणालो, लेकाच्या खोलीत कुत्र्याच्या छत्र्या उगवणार तू? ती म्हणाली, लेक उगवना का तठे? मी आजपर्यंत ती भाजी तोंडात घातलेली नाही. कोंबडी खायची तर कोंबडी खावी, वांगं खायचं तर वांगं, हे ना मटण ना भाजी असलं रबर कशाला चावायचं. ती धुळ्याच्या रस्त्यावरच्या ढाबेवाल्याला द्यायची. शहरातून गाड्या घेऊन येणारे लोक ते मसाल्यात घालून खातात आणि गावाकडचं खाल्लं म्हणून फोटो काढतात.

शिबिराच्या माणसानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. पांढरीशुभ्र पिशवी, तिच्यातून फुटलेले मोठाले तुरे, बाजूला हसणारी बाई. बुरशीबद्दल त्यानं एकच गोष्ट सांगितली, की स्वच्छता ठेवा. संपलं. आता आमच्याकडच्या बाईला स्वच्छता ठेव म्हटलं तर ती काय करील? विमलनं तेच केलं. कोबा होता तरी त्यावर शेणानं सारवलं. कोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं. खोलीत नारळ फोडला, पाणी पिशव्यांवर शिंपडलं. पहिल्या पिशवीला हळदकुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या, दोरीला झेंडूची माळ बांधली आणि हात जोडले. मीही जोडले, खोटं का बोलू. सगळ्या गल्लीच्या बाया बघायला आल्या आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, दिवा ओवाळला. अक्का आमच्याच गल्लीत दिलेली. गावात कोणाचं काय, कधी, कसं करायचं हे तिला विचारल्याशिवाय होत नाही, आणि नाही विचारलं तरी ती येऊन सांगते.

पंधरवडा गेला तसं पिशव्यांत पांढरं जाळं धरायला पाहिजे होतं. धरलं थोडं. पण जिथं कुंकवाचं बोट लागलं होतं, जिथं सुईच्या भोकाशी अक्षता ओली होऊन चिकटली होती, तिथून हिरवं सुरू झालं. आधी टिकलीएवढं. मग तळहाताएवढं. मग पिशवी गर्द हिरवी, शेवाळ नाही, शेवाळ ओलं असतं, हे कोरडं, भुकटीसारखं. विमलनं एक पिशवी तिथंच फोडून बघितली आणि ती भुकटी सगळ्या खोलीत उडाली. लग्नात गुलाल उडवावा तशी. आठवड्यात सगळ्या पिशव्या गेल्या. वास असा की मी जेवायला ओट्यावर बसायचो. अक्का आली, नाकाला पदर लावून म्हणाली, नजर लागली. लिंबूमिरची आणली आणि खोलीच्या दाराला आतून बांधली. दुसऱ्या खेपेला परत तेच, परत शेण, परत पूजा, परत हिरवं. मी म्हणालो, बस झालं आता, देवालाही हे नको आहे. ती दाराकडे बघत होती. मग म्हणाली, "हाई दखा." दाराला बांधलेलं लिंबू खालून हिरवं झालं होतं. तेच हिरवं, तीच भुकटी. नजर काढायला आणलेल्या लिंबावरच ती येऊन बसली होती. विमल हसली. मी तिला इतकी मोठ्यानं हसताना फार वेळा बघितलेलं नाही, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. ते त्या लिंबाला होतं, अक्काला होतं, मला होतं, आणि स्वतःलाही होतं, असं मला वाटतं.

त्यानंतर तिनं त्या खोलीतून देव बाहेर काढला. "देव देव्हारामा बरा," म्हणाली. शेण बंद. फुलं बंद. नारळ, तांदूळ, पीठ, भाकरी, दही, उंबऱ्याच्या आत काही नाही. भिंतींना चुना मारला, दिलीपचा गुलाबी रंग खालून जरा जरा दिसायचा. खोलीत जायचं तर आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, हात साबणानं कोपरापर्यंत. गोठ्यातून आलेल्या माणसाला मनाई, चुलीपुढून उठलेल्या बाईला मनाई. आधी नव्या, चांगल्या पिशव्या बघायच्या, आजारी पिशवीला सगळ्यात शेवटी हात लावायचा आणि मग त्या दिवशी खोलीत परत पाऊल नाही. आणि हिरवी दिसली की पिशवी तिथं फोडायची नाही, हलवायची नाही, वर फुंकर मारायची नाही. तिच्या जुन्या सुती लुगड्याचं एक फडकं होतं. ते चुन्याच्या निवळीत बुडवायचं, पिळायचं, पिशवीवर अलगद टाकायचं आणि बाळंतिणीचं पोर उचलावं तसं दोन हातांनी उचलून थेट गावाबाहेर, खड्ड्यात, वर चुना, वर माती. घरी येऊन फडकं उकळायचं, पिळायचं आणि खोलीबाहेरच्या खिळ्याला वाळत घालायचं. पिळायचं काम माझं. "मूठ दाबा," ती म्हणायची. तिथंही थेंब चालायचा नाही. मी म्हणायचो, फडकं आहे ते, काड नाही. ती म्हणायची, तुम्हाला दोन कायदे लक्षात राहत नाहीत म्हणून एकच ठेवलाय.

गावात याचा अर्थ काय घेतला जाईल ते तुम्हाला कळलं असेल. विमलनं पूजा बंद केली. विमल सणाला फुलं नको म्हणते. विमल नणंदेला उंबऱ्याबाहेर उभी करते. अक्काच्या गोठ्यात गाय, ती शेणाच्या हातानं सरळ आत यायची, जन्मभर आली होती. विमलनं तिला दारात अडवलं आणि पाण्याचा लोटा पुढे केला. अक्का म्हणाली, "मनं शेन गाईनं शे, म्हैसनं नही." विमल म्हणाली, "तिले गाय-म्हैस कळस नही, अक्का." तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलायच्या, पण माझ्यामार्फत, आणि मी दोन्हीकडचं निम्मंच पोचवायचो. नाना म्हणजे माझा चुलतभाऊ. पंचायतीच्या पायरीवर बसून ज्याला सगळं कळतं तो. त्यानं मला सांगितलं, आबा, बाईच्या डोक्यात बुरशी गेली. मी त्याला म्हणालो, तुझ्या डोक्यात जायला जागा असती तर तिथंही गेली असती. पण पिशव्या पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. तुरे फुटायला लागले. ढाबेवाला माणूस पाठवायला लागला. तेव्हा याच नानानं सगळीकडे सांगितलं, की आमच्या वहिनीला मीच शिबिराला पाठवलं होतं.

एक सांगितलं पाहिजे. हिरवी कायमची गेली नाही कधी. पावसाळ्यात येई, सुतळीच्या गाठीतून येई, बी शिळं निघालं तर येई. विमलला तिचा राग नव्हता. "ती तिनं काम करस," म्हणायची. राग होता तो तिला बोलावणाऱ्यांचा. पाहुणा म्हणून येऊन पिशवीला बोट लावून बघणारा, माझ्यासारखा थेंब पडला तरी चालेल म्हणणारा, बचतगटाची अध्यक्ष होऊन खोलीत हार घालून फोटो काढायला येणारी. अशांना ती खोलीच्या दारातून नुसती बघायची. ती नजर मला अजून आठवते, आणि गेल्या काही आठवड्यांत ती माझीही झाली आहे, असं आरशात दिसतं.

ती गेली त्या संध्याकाळी घर भरलं. जो येईल तो मला सांगे, पुण्यवान बाई, सवाष्ण गेली. नवऱ्याच्या आधी गेली म्हणजे पुण्यवान. याचा अर्थ माझ्या बाजूनं काय होतो, ते म्हणणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. अक्कानं पेटीतून हिरवं लुगडं काढलं. मी म्हणालो, हिरवं नको. विमल चुडा सोडून अंगावर हिरवं घालत नव्हती, तिला ते बघवत नव्हतं. अक्का म्हणाली, सवाष्णीला हिरवंच. नेसवलं. नेली. परत आलो तर अक्का खोलीच्या दारात उभी, हातात पिठाचं ताट, त्यावर पणती, काखेत टोपली. आमच्याकडे जिथं जीव जातो तिथं दिवा लावतात. खाली पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात, दहाव्यापर्यंत. मग टोपली उचलून पिठात उमटलेलं बघतात, की गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं. पाखराचा पाय, गाईचा खूर, वेल, काय दिसेल ते. मी आडवा झालो. म्हणालो, "अक्का, पीठ नको त्या खोलीमा. देव्हाऱ्यापुढे लाव, ओट्यावर लाव, माझ्या डोक्यावर लाव." अक्का म्हणाली, "जीव जठे गया तठेच दिवा लागस." मी म्हणालो, वर तिच्या पिशव्या टांगल्या आहेत, आजच बांधल्या, अजून बी रुजलं नाही. त्यावर तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बायकोपेक्षा पिशव्या मोठ्या शेत का तुले?" दिलीप सुरतहून नुकताच पोचला होता. डोळे सुजलेले. तो म्हणाला, बाबा, राहू द्या आता, करू द्या त्यांना. मग मी बाजूला झालो. माणसं बायकोला पोचवून आलेल्या माणसाशी वाद घालत नाहीत म्हणतात. आमच्याकडे घालतात, आणि जिंकतातही.

त्या पिशव्या बायकोपेक्षा मोठ्या नव्हत्या. बायको नव्हती, म्हणून त्या होत्या. तिनं शेवटचं भरलेलं, तिच्या हाताच्या गाठी मारलेलं तेवढंच उरलं होतं, आणि बी रुजून पांढरं होईपर्यंतचे दिवस नेमके हे सुतकाचे दिवस. हे मला तेव्हा बोलता आलं नाही. आता लिहिता आलं.

मग मी त्या खोलीच्या दाराशी खाट टाकली. लोकांना वाटलं, म्हातारा दिव्याची राखण करतोय. बाया यायच्या, भिंतीशी बसून रडायच्या, रडता रडता वर बघायच्या. एकीनं हुंदका आवरून विचारलं, "हाई काय लटकाडेल शे?" दुसरी फुलं घेऊन आली. तिसरी गोमूत्राची बाटली. मी लोटा पुढे करायचो. पाय धुवा, हात धुवा, फुलं बाहेर ठेवा. कोणी धुतले, कोणी मला ऐकू जाईल असं पुटपुटलं की विमल नवरा नाही, सासूच मागे ठेवून गेली. नानानं तर टोपली जरा उचलून बघायचा बेत केला होता, आधीच कळलं तर बरं म्हणून. त्याला मी खाटेवरून न उठता सांगितलं, तुला दहाव्याला जे कळेल तेवढंच पुरे आहे. उकाडा होता. पितरं तोंडावर आलेली, हवा बंद, पाऊस पडेना आणि जाईना. भिंतीवर मी गोणपाटं ओली करून टांगत होतो, विमल टांगायची तशीच. टोपलीखाली ते पीठ त्या दमट हवेत दिवस दिवस बसून होतं. सकाळ-संध्याकाळ अक्का तेल घालायला यायची, टोपली तिरपी करून, डोळे मिटून, कारण आधी बघायचं नसतं. मी उघड्या डोळ्यांनी वर बघायचो. पिशव्यांत बियाभोवती पांढरं धरायला लागलं होतं.

दहावा नदीवर झाला. कावळा लगेच शिवला, तेव्हा सगळे मोकळे झाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती म्हणाले. तिची इच्छा काय होती ते मला ठाऊक होतं, ती घरी दोरीला टांगलेली होती. कावळ्याचं म्हणाल तर त्याला भूक लागली होती. घरी आलो. सगळे मागच्या खोलीत जमले, पाय न धुता, आता त्यांना कोण अडवणार. अक्कानं टोपली उचलली. ताटात पणतीच्या बाजूनं पीठ तेलानं पिवळं झालेलं, आणि कडेला एक मोठा हिरवा डाग, काठाला पांढरा. त्याला बाजूनं एक फाटा फुटलेला. मग नाना खाली वाकला आणि बोटानं हवेतच आकार दाखवत म्हणाला, "राघू शे हाऊ. हाई चोच, हाई शेपटी." बाया पुढे सरकल्या. अक्का म्हणाली, "राघू नही. तुळस शे. विमल तुळस व्हयनी." मग राघू की तुळस यावर थोडं झालं. दिलीपनं मोबाईलवर फोटो काढला आणि सुरतच्या लोकांना पाठवला. सूनबाईनं पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. सगळ्यांनी हात जोडले.

मी म्हणालो, "बुरशी शे ती."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. "तोंड धू आधी," म्हणाली. मग तिनं त्या डागाला हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या, ताट परत खाली ठेवलं आणि सांगितलं, की असा कौल सगळ्यांना मिळत नाही, ताट आजची रात्र इथंच राहू द्या, उद्या नदीत सोडू. आणि गरम होतंय म्हणून कोणीतरी पंखा लावला. मी तो बंद केला. ज्या बाईनं आपलं म्हातारपण जिला उंबऱ्याबाहेर ठेवण्यात घातलं, त्या हिरवीलाच ताटात घालून, तेल घालून, जोपासून या लोकांनी तिच्या जागी आणून बसवलं, आणि वर म्हणाले ही विमल. मी जिनिंगमध्ये असताना मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, वजनकाट्यावर मापाडी लबाडी करताना बघितलं, पण एवढा अपमान मी कोणाचा कधी बघितला नाही. आणि करणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हतं. त्यानंच जास्त चिडायला होतं.

लोक आता भेटले की विचारतात, आबा, पुढे काय करणार? दिलीप म्हणतो सुरतला चला. त्याच्या घरात एक खिडकी आहे आणि ती दुसऱ्याच्या भिंतीवर उघडते. मी नाही म्हणालो. नाना म्हणतो, खोली भाड्यानं द्या. अक्का माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात बरीच शांतता आहे. पिशव्यांचं विचाराल तर दाराजवळची एक सोडून बाकीच्यांना तुरे फुटले. ढाबेवाल्याचा माणूस येऊन घेऊन गेला. त्यानं त्यातले थोडे मला काढून ठेवले, की आबा, आईंचा शेवटचा माल, खा. मी ते शेजारी देऊन टाकले. मी ते रबर खाल्लं असतं तर तिनंच मला ढोंगी म्हटलं असतं.

पण दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे उताणे झोपलेले. मी आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो. हात कोपरापर्यंत साबणानं घासले. चुन्याची निवळी केली, त्यात तिचं फडकं बुडवलं, पिळलं. मग आत गेलो आणि आधी लांबच्या कोपऱ्यातल्या पिशव्या बघितल्या, मग मधल्या. पांढऱ्या होत्या. शेवटी दाराजवळची, ताटाच्या बरोबर वरची. तिच्या सुतळीच्या गाठीशी एक हिरवी टिकली होती. विमलच्या हातची गाठ ती... मी ती पिशवी सोडली. ताटाशेजारी ठेवली. पणती विझवली. श्वास धरला, दोन्हींवर फडकं अलगद टाकलं आणि दोन्ही हातांनी उचलून निघालो. ओसरीवर दिलीप जागा झाला. अंथरुणातच उठून बसला, माझ्या हातातलं बघितलं, फडक्याखालची ताटाची कड बघितली. म्हणाला, "बाबा, ती आई..." मी म्हणालो, "दार उघड. हात लावू नको." त्यानं दार उघडलं.

गावाबाहेर तिच्याच खड्ड्याशेजारी खणलं. राघू, तुळस, हळदकुंकू, पिशवी, सगळं आत. वर चुना, वर माती. पायानं दाबली. घरी आलो तर दिलीपनं चूल पेटवून पाणी ठेवलं होतं, न सांगता. फडकं उकळलं, काठीनं काढलं, निवू दिलं. मग मूठ दाबली. हात झटकला आणि खिळ्याकडे गेलो.

थेंब पडला. मी परत पिळलं.